अक्काचं विरजण

सांडपाण्याच्या प्लांटवर त्याला सगळे फेसोबा म्हणायचे. कामावर आल्यावर माणसं आधी चहा घेतात. हा आधी टाकीच्या कठड्याशी जाऊन फेस बघायचा. फेस विरळ आणि फिकट तपकिरी असला की स्वारी खूश. साबणाच्या पाण्यासारखा पांढराशुभ्र वर आला की कपाळाला आठी. आणि काळपट पडला की त्याच्या तोंडून जे निघायचं ते छापण्यासारखं नसायचं.

शहरातली लाखो माणसं रोज सकाळी दार लावून जे करतात आणि फ्लश दाबून विसरून जातात, ते सगळं फेसोबाच्या टाकीत यायचं. तळातून मोठाले ब्लोअर अखंड हवा सोडायचे, पाणी खदखदत असायचं, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव सगळी घाण खाऊन फस्त करायचे. पलीकडच्या टोकाला निवळ पाणी निघायचं आणि नदीला मिळायचं. प्लांटच्या खोलीत एक जुना मायक्रोस्कोप होता. त्याखाली थेंब ठेवला की देठावर डोलणाऱ्या इवल्या घंटा दिसायच्या, कुणी तोंडापाशी केसांची चाकं फिरवत बसलेलं दिसायचं, कुणी घाईघाईने रांगत निघालेलं. फेसोबा त्यांना 'आमची मंडळी' म्हणायचा. हे बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी कोण?"

"तू मालकीण."

"बरं झालं सांगितलंत. एवढी मोठी टाकी माझ्या नावावर आहे, मला पत्ताच नव्हता."

अशी ती होती. नवऱ्याच्या कामाची तिला कधी लाज वाटली नाही. उलट पाहुण्यांसमोर तोच विषय काढून ती त्यांची तोंडं बघत बसायची.

तिची नणंद मात्र या विषयावर हसणाऱ्यांतली नव्हती. फेसोबाच्या या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणायचे. अक्काची लाँड्री होती. कुणाच्या कॉलरवरचा कालचा घामही तिला दुकानाच्या दारातून कळायचा. भाऊ प्लांटवर लागला त्या दिवसापासून तिने त्याचा गणवेश दुकानाची पायरी चढू दिला नाही. भावाच्या घरी यायची, तासभर बसायची, पण पर्समध्ये पाण्याची बाटली स्वतःची. चहा विचारला की "आत्ताच झाला." वर्षानुवर्षं तिचा चहा आत्ताच होत आला होता. एकदा बोलून गेली, "राग मानू नकोस गं, पण याचे ते हात तुमच्या पाण्याच्या भांड्यालाही लागतातच ना!" तेव्हापासून नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य झालं. समोरासमोर आल्या की एक छताकडे बघायची, दुसरी खिडकीकडे.

गंमत म्हणजे हीच अक्का स्वतःच्या पोटाबद्दल चारचौघांत छाती फुगवून बोलायची. "माझं पोट म्हणजे घड्याळ! उभ्या जन्मात डॉक्टरची पायरी चढले नाही." लोक जेवत असले तरी तिला फरक पडायचा नाही.

मग बायकोच्या छातीत गाठ निघाली. सुया, सलाईन, केमोचे डोस सुरू झाले. केस गेले तेव्हा तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, "आता तयारीला उशीर लावते म्हणून ओरडायची सोय राहिली नाही तुम्हाला." गाठ निम्म्याहून लहान झाली, असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि फेसोबाचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच डोसनंतर तिला सणसणून ताप भरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या आणि कुठलासा जंतू रक्तात शिरला होता. जबर ताकदीची अँटिबायोटिक्स दिली म्हणून ती वाचली. ताप उतरला आणि जुलाब सुरू झाले.

जुलाब म्हटलं की लोकांना वाटतं, होतात आणि थांबतात. हे थांबेनात. पलंग ते संडास एवढंच तिचं जग उरलं. फेसोबाने वाटेत धरायला दोरी बांधली आणि संडासाची आतली कडी काढून टाकली. औषध चालू असलं की पोट धरायचं, औषध संपलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. बोटातली अंगठी गळून पडायला लागली. जीभ तेवढी शाबूत होती. सकाळी तो कामावर निघाला की पलंगावरून म्हणायची, "जा तुम्ही, मी पुढे पाठवलंय."

तो हसायचा आणि जिन्यात येऊन डोळे पुसायचा. प्लांटवर पोचला की कठड्याशी उभा राहून त्या खदखदत्या पाण्याकडे बघायचा. यात कुठेतरी तिचंही आहे, असं मनात यायचं, आणि पाय तिथून निघायचे नाहीत.

एक दिवस कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. "या तब्येतीवर पुढचा डोस दिला तर डोसच तिला घेऊन जाईल. आणि फार थांबलो तर गाठ पुन्हा वाढायला लागेल. आधी तिचं पोट ताळ्यावर आलं पाहिजे." इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी दोघांना पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पोटाच्या डॉक्टर म्हणजे पिकल्या केसांच्या, बुटक्या, भराभर बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी रिपोर्ट बघितले आणि खुर्ची बायकोच्या जवळ ओढली.

"तुमच्या आतड्यात एक उपद्व्यापी जंतू मातलाय. तो पुष्कळांच्या पोटात गुपचूप पडून असतो, बाकीचे त्याला डोकं वर काढू देत नाहीत. अँटिबायोटिक्सनी तुमचे बाकीचे मेले. त्याला रान मोकळं मिळालं. औषधाने तो दबतो, औषध थांबलं की उठतो, कारण त्याला धाकात ठेवणारं आत कुणी उरलंच नाही."

"बाकीचे म्हणजे कोण?" बायकोने विचारलं.

"सगळ्यांच्या आतड्यात असतात. जगात जेवढी माणसं आहेत ना, त्याच्या कितीतरी पट जीव एकट्या तुमच्या पोटात राहत होते. तुम्ही खाल्लेलं पचवायला मदत करायचे, आतड्याचं अस्तर राखायचे, चोराला थारा द्यायचे नाहीत."

फेसोबा एव्हाना खुर्चीच्या कडेवर आला होता. "टाकी मेली तिची," तो म्हणाला.

"काय?"

मग त्याने सांगितलं. फार पूर्वी कुठल्याशा कारखान्याने काहीतरी जहाल सोडलं होतं आणि प्लांटची टाकी मेली होती. फेस काळा, सगळीकडे कुजका वास, मायक्रोस्कोपखाली एक घंटा हलत नाही. शेवटी दुसऱ्या शहरातल्या प्लांटमधून जिवंत गाळाचा टँकर आणून टाकीत ओतला. "विरजण लावल्यासारखा. मग हळूहळू सगळे परत आले."

डॉक्टरबाई हसल्या. "मग माझं निम्मं काम तुम्हीच केलंत. मला हेच करायचंय. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, नीट तपासायची, गाळायची आणि दुर्बिणीतून यांच्या मोठ्या आतड्यात सोडायची."

बायकोने डोळे मिटून घेतले. फेसोबा मात्र मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिला होता. अर्धं आयुष्य त्याने टाकीच्या कठड्यावर काढलं होतं. आणि तशीच एक टाकी शर्टाच्या आत घेऊन आपण रोज कामावर जातो, येतो, झोपतो, हे त्याच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. समोरच्या डॉक्टरबाईंच्या आत एक, बायकोच्या आत एक मेलेली, बाहेर बाकांवर बसलेल्या प्रत्येकाच्या आत एकेक.

"माझी घ्या," तो म्हणाला. "खुद्द टाकीवाल्याची टाकी आहे. याहून चांगली कुठली मिळणार?"

"गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय?"

"छे! मी आजारीच पडत नाही. आमच्याकडे एवढा शिंतोडा उडाला तरी आम्ही लगेच..." आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

प्लांटवर एक रीत होती. झडप उघडताना, पंप साफ करताना तोंडावर शिंतोडा आला की खोलीतल्या टेबलाचा ड्रॉवर उघडायचा, त्यातली एक गोळी काढायची आणि चहाबरोबर गिळायची. कुण्या जुन्या माणसाने पाडलेला पायंडा होता आणि सगळे तो इमानाने पाळायचे. ते औषध आहे असं कुणाच्या डोक्यातही नसायचं. हात धुण्यातलाच तो प्रकार होता. फेसोबाने तर गेल्याच आठवड्यात घेतली होती. गोळीचं नाव सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

दवाखान्यांना, कारखान्यांना फोन करकरून 'औषधं गटारात ओतू नका, आमचे जंतू मरतात' म्हणून घसा कोरडा करणारा माणूस हा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शहराची टाकी त्याने डोळ्यात तेल घालून जपली आणि स्वतःच्या टाकीत तो चहाबरोबर विष सोडत आला. आणि जिच्यासाठी ती एकदाच लागणार होती, तिच्याच कामाची ती उरली नव्हती. त्याला बायकोकडे बघवेना.

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं. "असू द्या," ती म्हणाली. "तुमचा फेस मला पहिल्यापासून संशयास्पदच वाटत होता."

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रॉवर रिकामा केला. रागाच्या भरात गोळ्या संडासात ओतायला निघाला, दारात पोचल्यावर त्या कुठे जातील ते आठवलं, तसाच मागे फिरला आणि औषधांच्या दुकानात नेऊन दिल्या.

आता दुसरं माणूस शोधायचं होतं. बायकोच्या भावाला मधुमेह, आई थकलेली. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, तुमच्याकडचं कुणी? फेसोबाने घरी आल्यावर भीत भीत अक्काचं नाव काढलं.

"नाही," बायको म्हणाली. "ज्या बाई आपल्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यांचं ते मी पोटात घेऊ? त्यापेक्षा मेलेली..." आणि ती थांबली. हा शब्द आजवर दोघांनी घरात येऊ दिला नव्हता.

"तेच नको म्हणून चाललंय ना सगळं," तो म्हणाला.

तिने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "विचारून तर बघा. त्या नाहीच म्हणतील."

लाँड्रीत अक्का शर्टावर इस्त्री फिरवत होती. फेसोबाने कसंबसं सांगितलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिला कळलं, आणि ती भावाकडे बघतच राहिली. हातातली इस्त्री जागेवरच थांबली. जळका वास आला तेव्हा कुठे तिने ती उचलली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून पहिलाच शर्ट जळाला होता.

"तुला दुसरं काही मागायला सुचलं नाही?" ती म्हणाली. "रक्त माग, बादलीभर देते. किडनी माग, हवी ती काढून घे. हे काय मागतोयस मेल्या?"

"तिला रक्त नकोय अक्का. तिचं पोट थांबलं नाही तर पुढचा डोस नाही. डोस नाही मिळाला तर ती जाईल."

अक्काने जळलेल्या शर्टाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"ती घेईल का पण माझं?" ती हळूच म्हणाली. "मी तिच्या हातचं पाणी कधी घेतलं नाही."

"घेईल."

"विचारलंस?"

"अर्धं विचारलंय."

"मग उरलेलं मी विचारते," अक्का म्हणाली आणि शटर ओढायला उठली. त्या दोघी काय बोलल्या ते फेसोबाला कधीच कळलं नाही. त्याला स्वयंपाकघरात पिटाळण्यात आलं होतं. परत आला तेव्हा बायकोचे डोळे लाल होते आणि अक्का नाक शिंकरत होती. बाटली तेवढी तिच्या मांडीवर होती.

तपासण्या झाल्या. रक्त, विष्ठा, आणि असले प्रश्न की ऐकून अक्काचे कान तापले. सगळं उत्तम निघालं. "असं पोट रोज बघायला मिळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. अक्काने भावाकडे वळून बघितलं. "घड्याळ म्हणून घसा फोडून सांगत होते, तर हसत होतात सगळे."

डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं, की त्या दिवशी सकाळी झाल्याबरोबर निघायचं. डबा घट्ट बंद पाहिजे. हवा लागली की यातले बहुतेक मरतात.

"हवेने मरतात?" फेसोबाला खरंच वाटेना. त्याची सगळी हयात ब्लोअरच्या घरघरीत गेली होती. हवा बंद पडली की त्याची मंडळी गुदमरून मरायची. आणि इथे, त्याच्याच पोटात, एक जग असं होतं की ज्याला हवा हेच विष. आपल्याला टाकीतलं सगळं कळतं असं त्याला वाटायचं. ते त्याने त्या दिवशी सोडून दिलं.

ठरल्या सकाळी अक्काच्या पोटाने घड्याळाची लाज राखली. अक्काने डबा खळ दिलेल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालात बांधला आणि दोघं बसमध्ये बसली. शेजारच्या म्हाताऱ्याने चौकशी केली.

"दवाखान्यात डबा का?"

"हो. भावजयीसाठी," अक्का म्हणाली.

"हल्ली कोण करतं हो एवढं! घरचं ते घरचंच."

फेसोबाने तोंड खिडकीबाहेर काढलं. अक्काचे खांदे हलत होते. लहानपणी आईने दटावलं की दोघं अशीच हसू दाबून बसायची.

दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी डबा दिला. बायकोला आत नेलं होतं. फेसोबा मायक्रोस्कोपकडे असा बघत उभा होता, की तिथल्या बाईला दया आली. "बघायचंय? या."

त्याने डोळा लावला आणि सवयीने घंटा शोधल्या. एकही नव्हती. नुसते ठिपके, काड्या, स्वल्पविराम. इतके, की मधे रिकामी जागा म्हणून नाही, आणि सगळं थरथरत होतं.

"आमच्याकडे मोठे असतात," तो म्हणाला.

"हे फार लहान. टाचणीच्या टोकावरही हजारो मावतील. डब्यातल्यांचा हिशोबच करू नका."

तेवढ्यात डॉक्टरबाई हातमोजे चढवत आल्या. त्याने विचारलं, "हे येतात कुठून पहिल्यांदा?"

"पहिले आईकडून. जन्मताना. मग खाण्यातून, मातीतून, माणसांतून. पण आईकडच्यांतले काही वंश टिकून राहतात म्हणतात."

त्या निघून गेल्या आणि फेसोबा भिंतीला टेकला. आई त्याच्या लग्नाआधीच गेली होती. सुनेला तिने पाहिलं नव्हतं, सुनेने तिला फोटोत पाहिलं होतं. आणि आत्ता या क्षणी, पलीकडच्या खोलीत, आईकडून अक्कात आलेलं, अक्काने न कळत एवढी वर्षं पोटात सांभाळलेलं काहीतरी जिवंत, सुनेच्या पोटात उतरत होतं. हे इतकं मोठं होतं की त्याला हसावं की रडावं कळेना. त्याने बाहेर जाऊन अक्काला सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले. "आई असती तर म्हणाली असती, एवढंच दिलंस होय वहिनीला?"

मग वाट बघणं आलं. पहिले काही दिवस काहीच वेगळं झालं नाही. फेसोबा रोज कठड्यावर उभा राहायचा आणि फेसाकडे बघत बायकोच्या पोटाचा विचार करायचा. टाकीला वेळ लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ती टाकी होती आणि ही त्याची बायको होती.

एका सकाळी तो निघाला तेव्हा ती झोपलेली होती. प्लांटवर पोचून तो कठड्याशी गेला, तेवढ्यात फोन वाजला. तिचाच.

"अहो," ती म्हणाली, "आज वाट बघू नका. आज मी काही पुढे पाठवलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय काय? रात्रीपासून उठलेच नाही मी. आणि भूक लागलीये."

त्याने फोन तसाच कानाला धरून ठेवला. समोर टाकी खदखदत होती, फेस फिकट तपकिरी होता, ऊन त्या बुडबुड्यांवर पडलं होतं. आणि तिकडे तिच्या पोटात, अंधारात हवेशिवाय जगणारे ते ठिपके कामाला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी देखरेखीला नव्हतं. फेसोबाने कठड्यावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडला. ब्लोअरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

वजन चढायला लागलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुढच्या डोसची तारीख दिली, आणि तारीख मिळाली म्हणून घरात आनंद झाला. डोसच्या आदल्या दिवशी अक्का भेटायला आली. खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि सवयीने बाटली काढून बाजूला ठेवली.

बायको उठली. दोरीला हात न लावता ती स्वयंपाकघरात गेली. फेसोबा मदतीला उठला, तिने डोळ्यांनीच बसवला. ती ग्लास भरून घेऊन आली आणि अक्कासमोर ठेवला. थोडं पाणी सांडलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमचं होतं नव्हतं ते सगळं मी पोटात घेतलं. आता एवढं तुम्ही घ्या."

अक्का छताकडे बघायला गेली आणि अर्ध्यातच तिची मान खाली आली. तिने भावजयीकडे बघितलं. मग ग्लास उचलला आणि तळाला थेंब राहू न देता सगळं पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"चहा टाक," ती म्हणाली. "सकाळपासून घेतला नाहीये."